दवंडी ऐकून आलेला नवरा

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी नव्वदीला टेकले आहे, माझी नात हे सगळं मोबाईलवर उतरवून घेते आहे, आणि या वयात मला खोटं बोलून काही मिळवायचं नाही. आमच्या असेनक्रोममध्ये अजूनही हा विषय निघाला की म्हातारी माणसं उठून जातात.

विशेषतः पुरुष.

मध्यरात्र, अमावस्या, विझणारा कंदील... असलं काही यात नाही. दिवस बुडायच्या आधी, लख्ख उजेडात, गावच्या पंचांच्या डोळ्यांदेखत हे घडलं. कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. गोरे लोक कुमासीत, आमच्या राजाच्या राजधानीत, येऊन बसल्याला तेव्हा जेमतेम एक पिढी झाली होती.

माझी आई तिथे होती. तिचं नाव अद्वोआ ब्रागो. ती कोंडवाड्यात होती.

हो, कोंडवाडाच. फक्त आत गुरं नव्हती, बायका होत्या.

झालं होतं असं. एका पहाटे प्रमुखाची घंटा वाजवत गावात दवंडी पिटली. ज्या बाईला नवरा नाही, तिनं प्रमुखाच्या अंगणात हजर व्हावं. कुमारिका, सोडलेल्या, सोडून आलेल्या, विधवा, सगळ्या. ज्या आल्या नाहीत त्यांना घरातून ओढून आणलं. अंगणामागे कोकोची पोती ठेवायची बांबूची लांबलचक कोठी होती. तिच्यात सगळ्यांना कोंडलं.

सुटायचा रस्ता एकच. एका पुरुषाचं नाव घ्यायचं. मग तो येणार, 'हो, ही माझी' म्हणणार, प्रमुखाला ठरलेली रक्कम देणार आणि शेळी सोडवून न्यावी तशी बाई घेऊन जाणार.

कारण काय, तर म्हणे गावाची नीती बुडाली. मोकळ्या बायकांमुळे रोग पसरतात.

रोग! ज्यांनी हा हुकूम काढला, त्यांच्यातल्या एकेकाच्या घरी चार-चार बायका होत्या आणि पाचवीवर डोळा होता. त्यांच्यामुळे काही पसरत नव्हतं.

खरं दुखणं निराळंच होतं. बायकांनी स्वतःची कोकोची झाडं लावायला सुरुवात केली होती. आमच्यात बापाची इस्टेट पोराला जात नाही, मामाची भाच्याला जाते. म्हणजे बाईनं जन्मभर नवऱ्याच्या शेतात फुकट राबायचं, नवरा मेला की भाचा येऊन शेताच्या मधोमध उभा राहणार, आणि बाईनं हात झाडत माहेरी यायचं. शेवटी बायका म्हणाल्या, राबायचंच आहे ना, मग आपल्या माहेरच्या जमिनीवर आपल्याच झाडांना राबू.

झालं. लगेच नीती बुडाली.

एकदा गोरा साहेबही कोठी बघून गेला. नाकाला रुमाल लावून त्यानं विचारलं, "ही तुमची जुनी रीत आहे का?" पंच म्हणाले, "फार जुनी." साहेब म्हणाला, "बरं." आणि गेला. रीत तेव्हा चार दिवसांची होती.

त्या कोठीत आईच्या शेजारी तिची मावशी बसलेली असे. फोफी मावशी.

पन्नाशीची बाई. हाताला लाकडासारखे घट्टे. नवरा क्वाबेना अदुसेई दोन वर्षांपूर्वी वारला होता. रान साफ करताना झाड अंगावर पडलं. तो जिवंत असताना दोघांनी मिळून कोको उभी केली होती. दोघांनी म्हणजे, तो सावलीत बसून सांगायचा आणि ही करायची. ओढ्यापलीकडचा तुकडा तर पूर्ण तिनं एकटीनं लावला. तो म्हणायचा, "तो तुकडा तुझा गं."

मावशी म्हणायची, "मग चार माणसांसमोर सांगा ना. साक्षीदार बोलवा, त्यांना दारू पाजा, होऊन जाऊ दे."

तो म्हणायचा, "होईल गं. होईल."

आमच्यात साक्षीदारांसमोर दिल्याशिवाय दान होत नाही. हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तो 'होईल' म्हणायचा.

तो गेला आणि भाचा आला. अम्पोफो. त्यानं ओढ्याच्या अलीकडचंही घेतलं आणि पलीकडचंही. वर म्हणाला, "मामी, रीतीप्रमाणे मामाच्या शेताबरोबर तुम्हीही माझ्याकडे येता. चला घरी."

"तुझ्या घरी झाडं आहेत, माणसं नाहीत. म्हणून मी हवी," मावशी म्हणाली आणि माहेरी निघून आली. तिथे तिनं पुन्हा पहिल्यापासून रोपं लावली. पन्नाशीत.

आता हुकूम निघाल्यावर अम्पोफोला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याला वाटलं, बाई कोंडल्यावर कुठे जाणार? आपलंच नाव घेणार.

एक दिवस सकाळी मावशीला बाहेर बोलावलं. तिच्याबरोबर आईलाही. पंच ओळीनं बसले होते. प्रमुखाच्या वतीनं बोलणारा म्हातारा याव तुमासी सोनेरी मुठीची काठी घेऊन पुढे. बाजूला अम्पोफो. नवं कापड नेसलेला, दंडाला तेल चोपडलेला. लग्नाला आल्यासारखा.

आधी आईला विचारलं. आईनं डोळ्यासमोर पहिलं आलं ते नाव सांगितलं. क्वाकू फोर्जुर, शिंपी. दोनदा गल्लीत हसला होता, एवढीच ओळख.

मग तुमासी मावशीकडे वळला.

"बोल फोफी. कोणाचं नाव घेतेस?"

"कोणाचंही चालेल?"

"चालेल. पुरुष असला म्हणजे झालं."

"मग लिहून घ्या. क्वाबेना अदुसेई."

एक क्षण कोणाला कळलंच नाही. मग पंच खदाखदा हसले.

"अगं, तो मेला!"

"मला सांगता? मी आंघोळ घातली त्याला. पण माझं जन्मभर खाल्लं ते त्यानं. सोडवायचं असेल तर त्यानंच सोडवावं. आणि नवरा जिवंतच पाहिजे, असं तुमच्या दवंडीत कुठे होतं, तुमासीबाबा?"

आता कोठीतून हसण्याचा लोट आला. बांबूंच्या फटींतून बायका ओरडायला लागल्या. "आमचेही जिवंत नकोत! मेलेलेच बरे! भाकरी तरी मागत नाहीत!"

(भाकरी मी तुमच्यासाठी म्हटलं. आमच्याकडे फुफु, उकडलेले कंद कुटून केलेला गोळा.)

अम्पोफोचं तोंड तेल चोपडल्यासारखं आणखीच चकाकलं. पण रागानं. आणि तुमासीला ते हसू झोंबलं. बाईनं पंचांची थट्टा करायची? त्यानं काठी आपटली.

"ठीक आहे! नाव घेतलंय तर बोलावणं गेलंच पाहिजे. ए दवंडीवाल्या, जा मसणवट्याच्या वाटेवर. प्रमुखाच्या नावानं पुकार. म्हणावं, क्वाबेना अदुसेई, अंगणात हजर हो आणि आपली बायको घेऊन जा."

दवंडीवाला गोरामोरा झाला. "बाबा... तिकडे?"

"का? मेलेला माणूस तुला चावणार आहे?"

पुन्हा सगळे हसले.

मावशी हसली नाही. आई सांगायची, तिचा चेहरा एकदम उतरला. कोठीत परत आल्यावर ती भिंतीला टेकून बसली.

"मावशी, थट्टा आहे ती," आई म्हणाली.

"मी केली ती थट्टा होती," मावशी म्हणाली. "माझ्या हातात काय आहे? पण प्रमुखाच्या घंटेनं जिवंत काय, मेलेलेही उठतात. म्हणून तर सणाला तीच घंटा वाजवून पितरांना जेवायला बोलावतात. हे त्या गाढवाला कळायला नको?"

मग तिनं कमरेला हात लावून पाहिलं. आमच्याकडे विधवा वर्षभर कमरेला कुलूप बांधून हिंडते. मेलेल्या नवऱ्यानं परत येऊन जवळ येऊ नये म्हणून. मावशीचं वर्ष संपलं होतं. कुलूप तिनं केव्हाच ओढ्यात फेकून दिलं होतं.

थोड्या वेळानं मसणवट्याच्या बाजूनं घंटा ऐकू आली.

एकदा...

दोनदा...

तिसरा ठोका अर्धाच वाजला. मग पळणारी पावलं.

रात्र गेली. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या शिंप्याचा निरोप आला. त्याला ताप भरला होता. आणखी कोणाच्या माणसाला बहिणीच्या गावी जावं लागलं होतं. एकाच्या पायात काटा गेला होता. रात्री गल्लीतून शिट्ट्या मारणारे सगळे बहाद्दर भर दिवसा, चार माणसांत 'ही माझी' म्हणायची वेळ आली की आजारी पडत होते.

दिवस कलायला लागला. गावात फुफु कुटायला सुरुवात झाली. घराघरातून मुसळांचा आवाज. धप्प, धप्प, धप्प. तुम्ही आमच्या गावात कधी राहिला असाल तर त्या आवाजाकडे तुमचं लक्षही जाणार नाही.

तो थांबला की मात्र जातं.

आई म्हणायची, आधी मसणवट्याकडची मुसळं थांबली. मग त्यापुढची. मग बाजाराजवळची. घर घर करत शांतता जवळ येत गेली...

शेवटचं मुसळ अंगणाशेजारच्या घरातलं. एकदा धप्प झालं.

मग तेही नाही.

 बाहेर प्रमुखाच्या मेंढ्या कायम ओरडत असत. त्यांचाही आवाज नाही.

मग... कोणीतरी खाकरलं.

दारात येणारा पुरुष खाकरतो ना, आपण आलोय हे घरातल्या बाईला कळावं म्हणून? तसं.

मावशीनं आईचा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

दार करकरलं. पहारेकरी बुकारी आत डोकावला. हा उत्तरेकडचा, गावात नवा, कोणाला ओळखत नव्हता.

"फोफी कोण? चल, तुझा माणूस आलाय."

"कसला माणूस?" आईनंच विचारलं.

"मला काय ठाऊक? पांढऱ्या कापडात आहे. फार बोलत नाही. मान जरा कलती आहे."

 अदुसेईची मान जिवंतपणी ताठ होती. इतकी ताठ की लोक हसत. पण झाड मानेवर पडलं होतं. त्याला आंघोळ घालताना डोकं सारखं डाव्या खांद्यावर पडत होतं. शेवटी मावशीनं कापडाची घडी करून मानेखाली खोचली, वरून पांढरं कापड लपेटलं, आणि कोणाला कळू दिलं नाही. ज्या दोघी-तिघींनी आंघोळ घातली त्यांनाच माहीत. आई त्यांच्यातली एक.

"चल ना," बुकारी वैतागला. "बसून काय राहिलीस?"

मावशी उठली. अंगावरचं कापड नीट केलं. आणि गेली.

आईनं बांबूच्या फटीला डोळा लावला.

अंगणाच्या मधोमध तो उभा होता. पाठमोरा. पांढरं कापड. डोकं डाव्या खांद्यावर. पायांना लाल माती लागलेली... ओली. गावात महिनाभर पाऊस नव्हता, सांगितलं ना मी.

पंच आपापल्या जागी बसलेले होते. मातीची मडकी मांडून ठेवावीत तसे. अम्पोफोच्या तोंडातून नुसता वारा येत होता.

मावशी त्याच्यापासून चार हात अंतरावर थांबली. मग आधी ती पंचांकडे वळली.

"दारी आलेल्याला पाणी द्यायचं असतं. कशासाठी आलास हे विचारायचं असतं. बोलावलंत तुम्ही, आणि साधी रीत कळत नाही?"



तो बोलला. आवाज तोच. फक्त खोल विहिरीतून आल्यासारखा.

"ही माझी."

कोठीत बायकांनी तोंडात बोळे कोंबले.

आणि मावशी? आई म्हणायची, ती थरथरत होती, पायापासून डोक्यापर्यंत. पण तिची जीभ थरथरली नाही.

"थांब," ती म्हणाली. "इतकी वर्षं साक्षीदार मिळत नव्हते ना तुला? हे बघ, सगळे पंच बसलेत. भाचाही आहे. ओढ्यापलीकडचा तुकडा कोणाचा, ते यांच्यासमोर सांग. एकदाच. मग पुढचं बोलू."

त्यानं मान फिरवली नाही. सगळं अंगच तिच्याकडे वळवलं. बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला...

मग म्हणाला, "होईल गं. होईल."

मावशी हसली.

आई सांगायची, तसलं हसू तिनं आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. त्या हसण्यानंच आईची भीती गेली. मावशी हसत हसत म्हणाली, "मेला, गाडला, आणि अजून होईलच! मी उगाच घाबरले. हा तर तोच आहे!"

तेवढ्यात तुमासीला कंठ फुटला.  "अदु... अदुसेई. प्रमुखांचं काम झालं. तू जा आता."

तो गेला नाही.

"बोलावलंत ना?" तो म्हणाला.

आणि पंचांच्या रांगेतलं एक रिकामं आसन होतं, त्यावर जाऊन बसला. अम्पोफोच्या शेजारी.

अम्पोफो किंचाळला. "दिला! दिला! ओढ्यापलीकडचा दिला मामीला! सगळे ऐका, दिला!" आणि नवं कापड तिथेच टाकून लंगोटीवर पळाला. त्याच्यामागे पंच. त्यांच्यामागे तुमासी. त्याची काठी एकीकडे, चपला एकीकडे. आमच्यात मोठ्या माणसाचा अनवाणी पाय जमिनीला लागणं म्हणजे नाक कापल्यासारखं. नीतीचे रखवालदार नाक कापून घेत गल्लीबोळांत शिरले. बुकारीनं काही न समजताच धूम ठोकली. दार उघडंच.

बायका एकेक करून बाहेर आल्या. भिंतीला चिकटून, खाली बघत. तो बसून होता. कोणाकडे बघत नव्हता.

सगळ्यात शेवटी आई आणि मावशी. त्याच्यासमोरून जाताना तो मावशीला काहीतरी म्हणाला. अगदी हळू. आईला ऐकू आलं नाही.

मावशी थांबली. एकच शब्द बोलली. आणि निघाली.

दोघी गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा मागून आवाज आला. धप्प. धप्प. गावातली मुसळं पुन्हा सुरू झाली होती. ज्या बायका कुटत होत्या त्यांना विचारलं, का थांबला होतात? त्या म्हणाल्या, "आम्ही कुठे थांबलो?"

पुढचं ऐका, म्हणजे माणसाची जात कळेल.

दुसऱ्या दिवशी पंच जमले. त्यांनी ठरवलं, काल अंगणात कोणी आलंच नव्हतं. उन्हानं भोवळ आली असेल. मावशी म्हणाली, "बरं, पण अम्पोफोनं तुमच्यासमोर तुकडा दिला, त्याचं काय?" तुमासी म्हणाला, "जो आलाच नाही, त्याच्या भीतीनं दिलेला शब्द कसला?"

म्हणजे तुकडा अम्पोफोकडेच राहिला. फक्त त्याच्या उपयोगाला आला नाही. तिथे कोको तोडायला कोणी मजूर उभा राहीना. झाडांमागे कोणीतरी खाकरतं म्हणायचे. फळं फांदीवरच काळी पडून गेली. शेवटी अम्पोफो मावशीकडे आला, "मामी, तुम्हीच घ्या तो तुकडा. फुकट."

"मालक सावलीत बसलेला असताना?" मावशी म्हणाली. "तू राब."

ती कोठी पुन्हा वापरली गेली नाही. हुकूम मागे घेतला असंही कोणी म्हटलं नाही. प्रमुखांनी फक्त जाहीर केलं, की गावाची नीती आता सुधारली आहे.

आईच्या शिंप्याचा ताप उतरला आणि तो तोंड दाखवायला आला. आई त्याच्या पायाशी थुंकली. पुढे तीन वर्षं तो येत राहिला, भर दिवसा, चार माणसांत. मग तिनं त्याच्याशी लग्न केलं. तो माझा बाप. चांगला माणूस होता, पण आईनं त्याला तो ताप कधी विसरू दिला नाही.

मावशी म्हातारी होऊन मेली. दुसरं लग्न केलं नाही. तिच्या शेवटच्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं, आणि मी हट्टानं तिला विचारलं. तो काय म्हणाला होता?

तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तो म्हणाला, 'तिकडेही शेत आहे गं. राबायला कोणी नाही.'"

 "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, 'शीक.'"

मी पोट धरून हसले. तीही हसली. मग अचानक थांबली आणि माझं मनगट पकडलं. "मी मेले की माझ्याबरोबर काही ठेवू नका. कोयता नको, कुदळ नको. मला रिकाम्या हातानं जाऊ दे. हात रिकामे असले की कोणी कामाला लावत नाही."

आम्ही तिचं ऐकलं. आईनं आणि मी मिळून तिला आंघोळ घातली. कापडाशिवाय काही ठेवलं नाही. दोनदा तपासलं.

माती देऊन घरी आलो. तिच्या चुलीवरच्या खुंटीला तिची कोको वाहायची टोपली टांगलेली असायची. सकाळी मी स्वतः पाहिली होती.

खुंटी रिकामी होती.

कोणीतरी नेली असेल. मयताच्या घरात माणसांची ये-जा असते, वस्तू इकडच्या तिकडे होतात. आईही तेच म्हणाली.

पण आम्ही सगळ्या गावात विचारलं. घरोघरी जाऊन.

कोणीच नेली नव्हती.